दोन रेषा नेमक्या कुठे छेदतात? आलेखाचे उत्तर आणि गणिताचे उत्तर जुळत नाही

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. माझी मुलगी यंदा मराठी माध्यमातून दहावीला आहे आणि बीजगणिताच्या पहिल्याच प्रकरणात, म्हणजे दोन चलांतील रेषीय समीकरणांत, आम्ही मायलेकी अडकलो आहोत. सरावासाठी तिला पुढील एकसामयिक समीकरणे आलेखाने सोडवायची होती.

२क्ष + ३य = १२
३क्ष + ४य = १७

एका चलाचा लोप करून तिने उत्तर काढले तेव्हा क्ष = ३ आणि य = २ आले, आणि ते मलाही पटले. आलेखावर मात्र दोन्ही रेषा (३.४, १.७) या ठिकाणी छेदल्या. तिने नवा आलेख कागद घेऊन पुन्हा रेषा काढल्या, तर छेदनबिंदू साधारण (२.८, २.१) आला. पेन्सिलीला टोक काढून झाले, पट्टी बदलून झाली, पण (३, २) काही येईना.

त्याहून अधिक गोंधळ पडताळ्याने केला. (३.४, १.७) या किमती घातल्या, तर दुसऱ्या समीकरणाची डावी बाजू बरोबर १७ येते आणि पहिल्याची ११.९ येते, म्हणजे १२ ला जवळजवळ भिडतेच. त्यामुळे तिचे म्हणणे असे की आलेखाचे उत्तरही 'जवळजवळ बरोबर' आहे. एकाच उदाहरणाला दोन जवळजवळ बरोबर उत्तरे कशी असतील, हे मला तिला समजावून सांगता आले नाही. बारावीनंतर माझा गणिताशी संबंध राहिला तो किराण्याच्या हिशेबापुरताच.

आणखी एक शंका आहे. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते असे भूमितीत शिकवतात, मग आलेखासाठी प्रत्येक समीकरणाच्या किमान चार क्रमित जोड्या काढायला का सांगतात? मुलगी दोनच काढते आणि वेळ वाचला म्हणते.

उत्तर १ (माहुली, सातारा)

ताई, मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आहे. आपल्या मुलीच्या हाताचा यात फारसा दोष नाही. हे उदाहरणच असे आहे की त्यात पेन्सिलीची रेघही फसवते.

तिने दुसऱ्या समीकरणासाठी काय केले असावे, याचा मी अंदाज बांधतो. बहुतेक मुले क्ष = ० आणि य = ० या सोप्या किमती घेतात. क्ष = ० घेतल्यास य = ४.२५ येते आणि य = ० घेतल्यास क्ष = १७/३, म्हणजे ५.६६६… येते. एक सेंटीमीटर म्हणजे एक एकक असे प्रमाण घेतले असेल, तर आलेख कागदावरचा सर्वांत लहान चौकोन एक मिलिमीटरचा, म्हणजे ०.१ एककाचा असतो. मग ४.२५ चे ४.३ होतात, ५.६६ चे ५.७ होतात आणि अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाल्याचे कोणाला काही वाटत नाही. आता (०, ४.३) आणि (५.७, ०) यांतून जाणारी रेषा पहिल्या रेषेला कुठे छेदते ते गणिताने काढून पाहा. उत्तर (३.४२, १.७२) येते. आपल्या मुलीने वाचलेला बिंदू हाच आहे. म्हणजे तिने रेषा अत्यंत नेटकी काढली होती, फक्त ती रेषा ३क्ष + ४य = १७ ची नव्हती, तिच्या शेजारच्या एका वेगळ्याच समीकरणाची होती.

बिंदू ठेवताना झालेली चूक ०.०५ एककाची आणि क्ष च्या उत्तरातली चूक ०.४२ एककाची, म्हणजे आठपटीहून अधिक. ही वाढ कुठून आली, हे समजले की सगळा गोंधळ मिटतो. पहिल्या रेषेचा चढ, म्हणजे क्ष एकाने वाढला की य मध्ये होणारा बदल, -२/३ आहे आणि दुसरीचा -३/४ आहे. हे दोन चढ इतके जवळचे आहेत की रेषांमधला कोन जेमतेम ३ अंशांचा होतो. एवढ्या लहान कोनात भेटणाऱ्या रेषा भेटण्याआधी आणि भेटल्यानंतरही बराच वेळ एकमेकींना चिकटूनच चालतात. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाडीची धरली, तर या दोन रेषा एकमेकींवर चढलेल्या दिसतात तो पट्टा जवळजवळ १८ मिलिमीटर लांबीचा भरतो. त्या पावणेदोन सेंटीमीटरमध्ये छेदनबिंदू म्हणून कुठेही बोट ठेवता येते. त्याच रेघा काटकोनात छेदल्या असत्या, तर हा भाग एक मिलिमीटरही भरला नसता.

पडताळ्याचे कोडेही यातच आहे. रेषेवरचा प्रत्येक बिंदू त्या समीकरणाची एक उकल असतो. रेषा म्हणजे त्या असंख्य उकलींची रांगच. दोन रांगा एकमेकींना लगटून जात असतील, तर एका रांगेतला बिंदू दुसऱ्या रांगेच्याही अगदी जवळ असणारच, आणि म्हणून तो दुसऱ्या समीकरणाचे जवळजवळ समाधान करणारच. (३.४, १.७) हा बिंदू दुसऱ्या रेषेवर तंतोतंत आहे आणि पहिलीपासून थोडासाच दूर आहे. पण समीकरणाचे जवळजवळ समाधान होणे आणि उत्तराच्या जवळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिला सांगावे की पडताळ्यात ११.९ आले म्हणजे पडताळा जुळला नाही.

उपाय सोपा आहे. दशांश येणारे बिंदू टाळावेत आणि कागदावरच्या ठळक रेघांवर नेमके बसणारे पूर्णांक बिंदू शोधावेत. य = (१७ - ३क्ष)/४ असे लिहून, क्ष च्या कोणत्या किमतीला अंशाला ४ ने पूर्ण भाग जातो ते पाहावे. क्ष = -१ घेतल्यास अंश २० येतो आणि य = ५ मिळते. एक बिंदू सापडला की पुढचे शोधावे लागत नाहीत: क्ष ४ ने वाढवावा आणि य ३ ने कमी करावा, की पुढचा पूर्णांक बिंदू हाती येतो, कारण ३ × ४ ची भर आणि ४ × ३ ची घट एकमेकांना खाऊन टाकतात. दुसरे म्हणजे बिंदू एकमेकांपासून लांब घ्यावेत. जवळच्या दोन बिंदूंवर पट्टी ठेवली की केसाएवढी चूकही रेषेच्या टोकाला बोटाएवढी होते. कागदात मावत असेल, तर २ सेंटीमीटरला एक एकक असे प्रमाण घ्यावे, मग ४.२५ सुद्धा ८.५ सेंटीमीटरवर बरोबर बसते.

थोडे विषयाबाहेर जातो, पण रेषीय समीकरणाच्या पूर्णांक उकली शोधण्याचा हा उद्योग आपल्याकडे फार जुना आहे. आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंत सर्वांनी हाताळलेले कुट्टक ते हेच. भास्कराचार्य अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे देत. समीकरण म्हणजे रेषा, ही कल्पना मात्र युरोपातली आहे. फ्रान्सच्या रने देकार्त यांनी १६३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमितीतून ती रूढ झाली. मुलांना हे सांगितले की आलेख कागदाकडे ती जरा आदराने पाहतात, असा माझा अनुभव आहे.

चार जोड्यांविषयी: रेषा ठरवायला दोन बिंदू पुरतात हे खरे, पण दोन्ही बिंदू बरोबर आहेत हे कोणी ठरवायचे? दोनांपैकी एक चुकला, तरी पट्टी त्यांतून रेषा काढतेच आणि ती दिसायला निर्दोष असते. तिसरा बिंदू रेषेबाहेर पडला तर काहीतरी चुकले आहे एवढे कळते, पण तिघांपैकी कोण चुकले ते कळत नाही. चौथा घेतला की तिघे एका रांगेत उभे राहतात आणि चुकलेला एकटा बाजूला पडतो. परीक्षेत चिन्ह विसरणे आणि (२, ५) च्या जागी (५, २) ठेवणे या दोन चुका सर्वाधिक होतात, आणि दोन्ही चौथ्या बिंदूमुळे तिथल्या तिथे पकडल्या जातात.

उत्तर २ (कराड)

सरांचे विवेचन चांगले आहे, परंतु मला मूळ मुद्दाच वेगळा वाटतो. क्रेमर यांची निश्चयकाची पद्धत १७५० पासून उपलब्ध आहे, तीत ना पेन्सिल लागते ना पट्टी. या उदाहरणात निश्चयक, म्हणजे क्ष आणि य यांच्या सहगुणकांच्या (त्यांच्यामागील संख्यांच्या) तिरप्या गुणाकारांची वजाबाकी, (२ × ४) - (३ × ३) = -१ येतो आणि दोन ओळींत (३, २) हे नेमके उत्तर मिळते. मी बांधकामाच्या आकडेमोडीत आयुष्य घालवले आणि आलेख काढून समीकरण सोडवण्याची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. मग मुलांचा वेळ त्यात का घालवावा?

उत्तर ३ (गणपती पेठ, सांगली)

कराडच्या साहेबांना एक व्यवहारातले उदाहरण देतो. माझे हळद आणि गुळाचे दुकान आहे आणि शाळेत गणित माझा आवडता विषय होता.

समजा, एका गिऱ्हाइकाने २ किलो हळद आणि ३ किलो गूळ नेला, आणि त्याच्या शेजाऱ्याने ३ किलो हळद आणि ४ किलो गूळ नेला. बिलावर फक्त एकूण रक्कम आहे आणि दोघे मिळून मी कोणता भाव लावला ते शोधत बसले आहेत. समीकरणे हीच झाली, फक्त उजवीकडे रुपये आले. निश्चयकाने सोडवल्यास हळदीचा भाव म्हणजे दुसऱ्या बिलाची तिप्पट वजा पहिल्या बिलाची चौपट. आता दुकानात आम्ही सुट्ट्या पैशांच्या अडचणीमुळे रक्कम पूर्ण रुपयात करतो. पहिले बिल ५० पैशांनी खाली आले आणि दुसरे ५० पैशांनी वर गेले, तर हळदीच्या भावात दीड आणि दोन असे मिळून साडेतीन रुपयांचा फरक पडतो. निश्चयकाची रीत कितीही अचूक असली, तरी माझ्यावर किलोमागे साडेतीन रुपये जादा घेतल्याचा आळ यायचा तो येतोच!

तेव्हा दोष पेन्सिलीत नाही आणि रीतीतही नाही. दोन बिलांतले प्रमाण जवळजवळ सारखे आहे, दुसऱ्या बिलाने नवी माहिती फारच थोडी दिली, हे त्याचे मूळ आहे. एकाने नुसती हळद आणि दुसऱ्याने नुसता गूळ नेला असता, तर ५० पैशांची चूक ५० पैशांपेक्षा मोठी झालीच नसती. हे आलेखात एका नजरेत दिसते, निश्चयकाच्या दोन ओळींत सहसा कोणी पाहत नाही.

उत्तर २ चे लेखक (कराड)

मान्य आहे. मात्र पाहायचेच ठरवले, तर निश्चयकातही ते दिसते. निश्चयकाला दोन्ही समीकरणांतील सहगुणकांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळांनी भागले, तर रेषांमधील कोनाची ज्या (साइन) मिळते, चिन्ह सोडून. येथे १ ला √१३ × ५ ने भागल्यास सुमारे ०.०५५ येते, म्हणजे कोन ३ अंशांच्या थोडा वर, जे सरांनी सांगितलेच आहे. निश्चयक शून्य झाला की कोन शून्य होतो, म्हणजे रेषा समांतर तरी असतात किंवा एकच तरी असतात. निश्चयक शून्य नाही एवढे पाहून आम्ही पुढे जात असू. तो शून्याच्या किती जवळ आहे, हे सहगुणकांच्या तुलनेत पाहायला हवे होते. वेळ घालवण्याविषयीचे माझे वाक्य मी मागे घेतो.

उत्तर ४ (मिरज)

ही चर्चा वाचून नोकरीचे दिवस आठवले. मी रेल्वेच्या नियंत्रण कार्यालयातून निवृत्त झालो आहे. आलेख काढून समीकरण सोडवण्याची वेळ कोणावर येते, असे कराडच्या साहेबांनी विचारले होते. ती वेळ आमच्यावर रोज, आठही तास येत असे, फक्त आम्ही त्याला समीकरण म्हणत नव्हतो.

सेक्शन कंट्रोलरच्या पुढ्यात एक मोठा आलेख कागद असे. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर स्थानके, त्यांच्यामधल्या अंतराच्या प्रमाणात मांडलेली: मिरज, सांगली, भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी, कराड, अशी वरपर्यंत. प्रत्येक गाडी म्हणजे त्या कागदावरची एक तिरपी रेघ. वेगवान गाडीची रेघ जास्त उभी, मालगाडीची जास्त आडवी, आणि स्थानकात थांबून राहिलेल्या गाडीची रेघ सपाट. रेघेचा चढ म्हणजे गाडीचा वेग, हे मला शाळेत कळले नव्हते, त्या कागदावर कळले. पुणे-मिरज मार्ग अनेक दशके एकेरी होता, त्यामुळे समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेघा जिथे छेदतील ती जागा स्थानकाच्या आडव्या रेघेवरच यावी लागे. ती दोन स्थानकांच्या मध्ये पडली, तर एका गाडीला अलीकडच्या स्थानकात थांबवून तिची रेघ तेवढी सपाट करायची, की छेदनबिंदू सरकून स्थानकावर येतो. यालाच आम्ही क्रॉसिंग देणे म्हणत असू.

आता ताईंच्या उदाहरणाकडे येतो, कारण चिकटून चालणाऱ्या रेघांचा त्रास आम्हीही सोसला आहे. आकडे सोपे धरतो. एक मालगाडी ८ वाजता ताशी ४० किलोमीटर वेगाने निघाली आणि तिच्यामागून सव्वाआठला एक्स्प्रेस ताशी ५० किलोमीटर वेगाने निघाली. क्ष म्हणजे ८ वाजल्यापासूनचे तास आणि य म्हणजे किलोमीटर धरल्यास समीकरणे अशी होतात:

य = ४०क्ष
य = ५०क्ष - १२.५

उकल (१.२५, ५०) येते. म्हणजे सव्वानऊ वाजता, ५० किलोमीटरवर एक्स्प्रेस मालगाडीला गाठेल. त्याआधीच्या स्थानकात मालगाडी बाजूच्या लाइनवर घ्यायची. आता एक्स्प्रेस फक्त ३ मिनिटे उशिरा निघाली असे समजा. दुसरे समीकरण य = ५०क्ष - १५ होते आणि उकल (१.५, ६०) येते. तीन मिनिटांच्या उशिराने गाठ पडण्याची जागा १० किलोमीटर पुढे सरकली, म्हणजे बेत केलेले स्थानकच कदाचित बदलले.

तीच एक्स्प्रेस ८० किलोमीटर अंतरावरून समोरून येत असती, तर मूळ वेळेला दोघींची गाठ ४१.१ किलोमीटरवर पडली असती आणि ३ मिनिटांच्या उशिराने ४२.२ किलोमीटरवर. फरक अवघ्या १.१ किलोमीटरचा. समोरासमोरच्या रेघा एकमेकींना चांगला मोठा कोन करून कापतात, म्हणून छेदनबिंदू जागचा फारसा हलत नाही. एकाच दिशेच्या गाड्यांच्या रेघा जवळजवळ समांतर असतात, म्हणून जरा धक्का लागला की तो लांब घसरतो. त्यामुळे समोरासमोरचे क्रॉसिंग आम्ही बरेच आधी ठरवून टाकत असू, आणि मागून येणाऱ्या गाडीला पुढे काढण्याचा निर्णय शक्य तितका उशिरा घेत असू. आता हे आलेख संगणक काढतो, रेघा मात्र त्याच आहेत.

आपल्या कन्येला एक गमतीचा प्रश्न विचारा: या कागदावर एखाद्या गाडीची रेघ अगदी उभी, म्हणजे उभ्या अक्षाला समांतर, का असू शकत नाही?

प्रश्नकर्त्या (विश्रामबाग, सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. काकांच्या प्रश्नाला तिने जेवता जेवता उत्तर दिले की अशी गाडी एकाच क्षणी सगळ्या स्थानकांवर उभी असेल. मला ते सुचायला थोडा वेळ लागला, हे कबूल करते.

माहुलीच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे तिने पुन्हा आलेख काढला. २ सेंटीमीटरला एक एकक असे प्रमाण घेतले. पहिल्या समीकरणासाठी (-३, ६), (०, ४), (३, २), (६, ०) हे बिंदू घेतले आणि दुसऱ्यासाठी (-१, ५) पासून चार-चारने पुढे जात (३, २) आणि (७, -१) घेतले. दुसऱ्या समीकरणाची चौथी जोडी (-५, ८) आली, ती कागदात मावली नाही म्हणून सोडून दिली. या वेळी रेषा (३, २) मधूनच गेल्या. सरांचा जुन्या बिंदूंविषयीचा अंदाजही तंतोतंत खरा होता. पहिल्या कागदावर ४.३ आणि ५.७ हेच आहेत.

पण आता तिने नवीच शंका काढली आहे. (३, २) ही जोडी दोन्ही तक्त्यांत आलेली आहे, म्हणजे रेषा काढण्याआधीच उत्तर सापडले. मग पुढे रेषा काढणे हे नुसते नाटक झाले का, आणि परीक्षेत असे केलेले चालेल का, असे ती विचारते आहे.

उत्तर १ चे लेखक (माहुली, सातारा)

शंका उत्तम आहे. जी जोडी दोन्ही समीकरणांचे समाधान करते तीच उकल. ती तक्त्यात आधी दिसली काय किंवा आलेखावर नंतर दिसली काय, गोष्ट एकच आहे. त्यात लबाडी काही नाही. परीक्षेत मात्र प्रश्न आलेखाने सोडवा असा असतो, म्हणून रेषा काढायच्या, छेदनबिंदूला नाव द्यायचे आणि प्रमाण कागदाच्या कोपऱ्यात लिहायचे. प्रमाण लिहायचे राहिले म्हणून गुण गेलेली मुले मी दरवर्षी पाहतो. शिवाय ती जोडी एकच आहे, दुसरी कुठलीही नाही, हे तक्ता सांगत नाही. ते दोन रेषा एकदाच छेदतात तेव्हा दिसते.

आणि (-५, ८) सोडून न देता तिच्या जागी (१, ३.५) घ्यायला सांगावे. तिने घेतलेल्या प्रमाणात ३.५ म्हणजे बरोबर ७ सेंटीमीटर होतात.